त्याच खुणा

ऐकू न येणारी जोया मूकबधिर शाळेच्या वसतिगृहातून ईदला घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून हातांनी त्याच त्या खुणा करत राहिली. तिच्या आईनं, रेहानानं, आधी पाणी दिलं. मग शिरखुर्मा, मग नवा फ्रॉक, शेवटी शेजारणीचं मांजरसुद्धा आणून मांडीवर ठेवलं. पोरगी मानेनं नाही म्हणायची, की पुन्हा त्याच खुणा! हार मानून रेहानानं मोबाईलवर शूटिंग केलं आणि शाळेचं पालक मदत केंद्र गाठलं.

"मॅडम, काय पायजे तिला, तेवढं सांगा. कुठनं बी आणतो."

केंद्रातल्या अक्षता मॅडमनी ते शूटिंग दोनदा बघितलं.

"ती म्हणतेय, मला परत शाळेत सोड. इथं माझ्याशी कुणीच बोलत नाही."

"असं कसं, मॅडम?" रेहाना कळवळली. "दिवसभर बोलतो की मी तिच्यासंगं!"