पेलेचा न बघितलेला गोल

बस इथं बाबा, पेलेला तीन वर्ल्ड कप कुणी जिंकून दिले ते तुला सांगतो. मी सान्तोसच्या बंदरावर कॉफीची पोती वाहणारा माणूस, पण आमच्या गल्लीत पांढऱ्या पायाचा म्हणून नावाजलेला. पन्नास साली, लहान होतो, रेडिओजवळ बसलो नि उरुग्वेनं आपल्याला आपल्याच मैदानात हरवलं. तेव्हापासून मॅच लागली की मला परसात, कोंबड्यांत हाकलायचे. अठ्ठावन्नला परसात, बासष्टला परसात, दोन्ही कप आपले. सहासष्टला नवा जावई म्हणून सासऱ्यानं कौतुकानं आत बसवलं, आणि पहिल्याच फेरीत आपण घरी.

सत्तरच्या फायनलला घरात टीव्ही आला. पेलेनं उडी मारून डोक्यानं गोल केला, सगळी गल्ली गरजली, आणि मी परसात. थोडा वेळ दम धरला, मग राहवेना. खिडकीतून डोकं आत घातलं, तर त्याच क्षणी इटलीनं बरोबरी केली.

बायको, डिर्सी, शांतपणे म्हणाली, "जा मागं. कोंबड्या एकट्या पडल्यात."

गेलो. मग आपले आणखी तीन गोल झाले.

परवा नातीनं ती अख्खी मॅच माझ्या फोनात घालून दिली. म्हणाली, "आजोबा, पन्नास वर्षं झाली. तो गोल एकदा तरी डोळ्यांनी बघा."

 

पण माझी नजर पडून बॉल आता बाहेर गेला तर? हा घे फोन, तूच बघ, आणि मला सांग पेले किती उंच उडाला.