मूळ प्रत

"हे झालं." सेंटरवाल्या पवननं गोकुळाचा पासपोर्ट, आधार, बँकेचं पुस्तक आणि जर्मनीहून लेकीनं धाडलेलं पत्र एकावर एक रचलं. "आता बाई वापस येतीन कशावरून, त्याचा कागद द्या."

सिंदेवाहीच्या त्या ऑनलाइन सेंटरात उमाजी आणि गोकुळा एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. लेकीचं, आचलचं पहिलं बाळंतपण महिन्यावर आलेलं, आणि गोकुळाच्या व्हिसाची गाडी इथं अडली. सातबारा द्यावा तर शेत नाही. तलाव मासेमार सोसायटीचा, आणि मासोळ्यांच्या नावे उतारा निघत नाही.

"उमाजीभाऊ, तुमी तं इथीच राह्यनार ना? बाईशिवाय माह्यं अडते, असं प्रतिज्ञापत्र द्या."

"माह्यं कोनाशिवाय काईच अडत नाई!" उमाजीनं छाती काढली. हे वाक्य तो तीस वर्षं पानठेल्यावर ऐकवत आला होता. गावाला ते पाठ होतं.

"मंग व्हिसा बी नाई."

गोकुळानं मांडीवरची पिशवी उचलली आणि जायला उठली.

उमाजीला ते बघवेना. त्यानं मान वर केली आणि छताच्या पंख्याला सांगायला सुरुवात केली. बायकोसमोर तेवढं एकच तोंड त्याला सोयीचं होतं.

"लिव. मासोळ्या मी धरतो, विकते आचलची माय. मी बजारात बसलो का निम्म्या फुकट वाटून येतो. चहापत्तीचा डबा घरात कुठी रायते, मले मालूम नाई. बाहेर भांडून आलो का सांगाले तेच एक हाये. ते माहेरी गेली तं मले झोप येत नाई. लिवलं?"

पवननं लिहिलं. समोरच्या वकिलानं शिक्का मारला. उमाजीनं चोरी कबूल केल्यासारखी सही केली आणि कपाळाचा घाम पुसला.

गोकुळाला वाचता येत नव्हतं. तरी तिनं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, नीट घडी घातली आणि पोलक्यात खोवला.

"अवो बाई, मूळ प्रत फाइलले लावा लागते! झेराक्स नाई चालत."

"मंग ह्यायले म्हना, दुसरी करा. पयली माही हाये," गोकुळा पुन्हा खुर्चीवर बसत म्हणाली. "आन आता पंख्याकडं पाहू नोका म्हना."