पाणी येण्याची वेळ

चोवीस तास दंडाला बांधलेल्या यंत्राचा आलेख डॉक्टरांनी टेबलावर पसरला. दोन गोळ्या घेऊनही कुमुदताईंचा रक्तदाब उतरत नव्हता.

“झोपेत दाब खाली यायला हवा. तुमचा पहाटे तीनलाच चढतो. तेव्हा काय करता?”

“पाणी भरते. तेव्हाच येतं आमच्याकडे.”

“आणि झोपता कधी?”

“बाराला. लग्नापासून असंच.”

“हिला सवय आहे,” शेजारी बसलेले यजमान म्हणाले.

“हृदयाला नाही झाली.” डॉक्टरांनी आलेख त्यांच्यापुढे सरकवला. “तिसरी गोळी लिहू, की महिनाभर यांना सात तास झोपू द्याल?”

परतताना रिक्षात यजमान हळूच म्हणाले, “आधी पिंप भरायचं की हंडे?”

“आधी नळ कुठंय ते दाखवते,” कुमुदताई म्हणाल्या.