कुयुनच्या मागोमाग

गोळी सारसेन आजोबांच्या मुठीत होती आणि ती द्यावी की नाही, हेच त्यांचं ठरत नव्हतं.

दिली तर त्यांचा कुत्रा कुयुन दिवसभर पेंगणार. नाही दिली तर खाजवणार. गवताला फुलोरा आला तसं त्याचं अंग जे खाजायला लागलं, ते तीन आठवडे थांबलंच नाही. पोटाखालची कातडी लालबुंद, केस गायब. मग तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि चार दिवसांत खाज थांबली. खाज थांबली आणि कुयुनही थांबला. नावाचा अर्थ वावटळ, जातीचा शिकारी ताझी, आणि आता दारात असा पसरलेला की येणाराजाणारा त्याला ओलांडून जायचा.

आणि नेमकी आजच नातवाच्या, एलदोसच्या पायातली दोरी कापायची होती.

मूल पाऊल टाकायला लागलं की त्याच्या घोट्यांना काळी-पांढरी दोरी बांधायची, ती कापायची, आणि कुणीतरी चपळ माणसानं त्याला पांढऱ्या कापडावरून चालवायचं. मूल त्या माणसासारखं निघतं. बायकांनी रबिगा मास्तरीणबाईंचं नाव काढलं होतं. आजोबांनी ते उडवूनच लावलं. "रबिगा पळून पळून किती पळणार? माझ्या कुत्र्यापुढून ससा सुटत नाही. माझा नातू त्याचा पट्टा धरून चालेल." आणि हे त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं. दोनदा.

आता अंगणात चाळीस माणसं जमलेली, कढईत मांस रटरटतंय, आणि आजोबा गोठ्याआड उभे राहून डॉक्टरीणबाईंना फोन करतायत.

"फक्त आजच्या दिवस नाही दिली तर?"

"खातोय का तो नीट?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"हाक मारल्यावर उठतो?"

"उठतो. माझ्याकडे बघतो. परत झोपतो."

"मग घाबरू नका. सुरुवातीला काही कुत्र्यांना अशी सुस्ती येते. आणि हा बिचारा तीन आठवडे धड झोपलाय कुठे? उठेनासा झाला, खाईनासा झाला, तर लगेच घेऊन या. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका."

आजोबांनी फोन खिशात टाकला आणि गोळीपण खिशातच टाकणार होते. तेवढ्यात कुयुननं मागचा पाय उचलला, पोटाशी नेला, दोनदा खर्र खर्र केलं आणि दुखलं म्हणून बारीक आवाजात कुंई केलं.

झालं. आजोबांनी गोळी मेंढीच्या चरबीच्या तुकड्यात दाबली आणि त्याच्या तोंडात घातली.

"खा रे बाबा," ते म्हणाले. "माझं नाक कापलं तर कापलं."

अर्ध्या तासानं ते कुयुनला घेऊन अंगणात आले. कुयुन कापडाच्या टोकाशी आला आणि बसला. झुमाबेक पहिल्याच रांगेत उभा होता. तो आणि आजोबा एकाच वर्षी जन्मलेले, त्यामुळे त्याला काहीही बोलायची मुभा, आणि त्यानं ती कधी वाया घालवली नव्हती.

"सारसेन, हा कुत्रा आहे की पायपुसणं?"

"दम खातोय तो."

"खाऊ दे, खाऊ दे. नातू मोठा होऊन गाद्यांचं दुकान काढेल."

"तुझ्या थोरल्याला पैलवानानं चालवलं होतं," आजोबा म्हणाले. "चहाची वाटी उचलताना धापा टाकतो तो."

लोक हसले. आजोबा हसले नाहीत. दोरी कापताना त्यांची सुरी दोनदा घसरली, तिसऱ्यांदा कापली गेली. सूनबाईनं, म्हणजे गाउहारनं, एलदोसला उभं केलं आणि त्याची मूठ कुयुनच्या पट्ट्यात अडकवली.

"ऊठ, राजा," आजोबा कुत्र्याच्या कानात म्हणाले. "तीस पावलं आहेत फक्त."

कुयुन उठला. बायकांनी उधळायला मुठीत चॉकलेटं घेतली. कुयुन एक पाऊल चालला, एलदोस एक पाऊल चालला. दुसरं. तिसरं. मग कुयुननं मोठी जांभई दिली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि कापडाच्या मधोमध अंग टाकलं.

बायकांचे हात वरच राहिले.

एलदोस एकटाच उभा. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग तोही धपकन बसला, कुयुनच्या मानेवर डोकं टेकवलं, अंगठा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

आजोबांची मान खाली गेली. झुमाबेकनं तोंड उघडलं.

"कुणी आवाज करायचा नाही."

हे गाउहार म्हणाली. हळूच म्हणाली, पण अशी की झुमाबेकनं तोंड मिटलं. सासऱ्यांसमोर इतक्या जरबेनं ती कधी बोललीच नव्हती.

"चौदा महिने झाले," ती कुजबुजली. "चौदा महिन्यांत हे पोर दिवसा एकदाही झोपलेलं नाही."

मग ती आजोबांकडे वळली. "बाबा, मूल ज्याच्यामागे चालतं त्याच्यासारखं होतं ना? नक्की?"

आजोबांनी कुत्र्याकडे बघितलं, नातवाकडे बघितलं. "आजवर तरी चुकलेलं नाही," ते म्हणाले.

गाउहारनं चपला काढल्या आणि त्याच पांढऱ्या कापडावर, पोराच्या पाठीशी, आडवी झाली. बायका चवड्यांवर चालत पुढे आल्या आणि मुठीतली चॉकलेटं त्या तिघांभोवती एकेक करून ठेवायला लागल्या. आवाज न करता.