हरणाबाईंची मुक्ता

कॅमेरा बंद केल्यावर ऋचा सोवनीने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि हरणाबाईंनी तेच उत्तर पुन्हा दिलं. शब्द न् शब्द तोच.

"डोईवरचा हंडा खाली ठिवला, तवा माझ्या मुक्तानं पाटी उचलली."

'ठिवला'नंतरचा श्वाससुद्धा तेवढाच लांब.

ऋचा आठ वर्षं सांगलीच्या एका दैनिकात बातमीदार होती. पहिली दोन वर्षं तर जीपमधून दुष्काळी गावं पालथी घालण्यातच गेली. दिवसाला पाच-सहा गावं, संध्याकाळी सातच्या आत बातमी. त्या गावांची नावं आता एकमेकांत मिसळली होती. सध्या ती एका परदेशी संस्थेचं संवादाचं काम बघायची. पाणीयोजनांच्या यशकथा लिहायच्या, फिल्म करायच्या, देणगीदारांपुढे मांडायच्या. म्हसवडच्या पलीकडच्या या गावातल्या हरणाबाई पुढच्या महिन्यात जिनिव्हाच्या परिषदेत बोलणार होत्या. पासपोर्ट आला होता. त्या बोलल्या की वरच्या तीन वाड्यांच्या पाइपलाइनला मंजुरी, हे ठरल्यासारखंच होतं.

ठरल्यासारख्या गोष्टींचा ऋचाला पहिल्यापासून संशय यायचा.

"मुक्ता आता कुठे असते?"

"तासगावला दिली," हरणाबाई म्हणाल्या.

"पुण्यात नर्सिंगला हाय," त्याच वेळी लालासाहेब म्हणाले.

लालासाहेब पाणी समितीचे अध्यक्ष. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. सकाळपासून ते हरणाबाईंच्या शेजारून हलले नव्हते.

"म्हंजे, दिली तासगावला. शिकाया पुण्याला," त्यांनी जुळवून घेतलं.

"तिचा नंबर द्या ना. दोन वाक्यं तिचीही घेते."

"रेंज नसती तिथं."

"पुण्यात?"

लालासाहेबांनी चहा सांगितला.

शाळेचे फोटो घ्यायचेत म्हणून ऋचा एकटीच बाहेर पडली. गुरुजींनी दाखल्यांचं रजिस्टर काढून दिलं. चौदा वर्षांची पानं तिने बोट फिरवत वाचली. सोनाली, कोमल, अश्विनी, पुन्हा कोमल. मुक्ता एकही नाही.

"या गावात हे नाव कुणाचंच नाही," गुरुजी म्हणाले आणि एकदम थबकले. "मी नवीन आहे, मॅडम. लालासाहेबांना विचारा."

शाळेच्या फाटकातूनच तिने ऑफिसमधल्या वरिष्ठाला, मुकुलला फोन लावला.

"मुकुल, ही मुलगी खोटी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती नाहीच. बाईंना कुणीतरी पढवलंय. इथे कोण मुलीचं नाव मुक्ता ठेवतं? आणि ते वाक्य! तसं कुणी बोलत नाही, तसं लिहितात. शहरातल्या कुणाच्या तरी डोक्यातून आलंय ते."

"खात्री झाली की लेखी पाठव. त्यांचं परिषदेला जाणं मी थांबवतो."

"आणि वाड्यांची पाइपलाइन?"

"तीही थांबेल."

ती परतली तेव्हा हरणाबाई दारातल्या नळाखाली कपबश्या विसळत होत्या. लालासाहेब जेवणाचं बघायला घरी गेले होते. ऋचा पायरीवर बसली.

"हरणाबाई, मुलं किती तुम्हाला?"

पाणी थोडा वेळ वाहत राहिलं. मग त्यांनी नळ बंद केला.

"एक बी न्हाई."

"हे लालासाहेबांनी शिकवलं?"

"न्हाई वो ताई. त्यो बिचारा नुस्तं सांभाळून घेतो." हरणाबाईंनी हात पदराला पुसले. "बारा वर्सांमागं, त्या मोठ्या दुष्काळात एक पेपरवाली पोर आली हुती. टँकरपाशी माझा फोटू काढला, नाव इचारलं आन् पळाली. लय घाईत हुती. दुसऱ्या दिशी पेपरात आलं, मी म्हणले म्हणं, 'डोईवरचा हंडा उतरंल, तवाच माझी मुक्ता पाटी उचलंल.' गाव हसलं. वांझोटीला लेक झाली म्हणून."

"मग तुम्ही तेव्हाच खरं का नाही सांगितलं?"

"ती बातमी वाचून तर तुमची परदेशातली मान्सं आली. पैला सवाल त्योच, मुक्ता कुठं हाय? न्हाई म्हणाय तोंड उघडलं मी. बघते तर मागं समद्या बाया रिकामं हंडं घिऊन उभ्या. मग म्हणलं, रानात गेलीया."



"पैल्यांदा लय जड गेलं," हरणाबाई म्हणाल्या. "आता कवा कवा वाटतं, असंल बी कुठंतरी. तासगावला मीच दिली तिला, मनातल्या मनात. पाण्याचं गाव बघून."

ऋचाला राग आला. इतका, की तिला उभं राहावं लागलं. एका बाईचं दुःख न विचारता तिच्या पदरात मूल टाकायचं आणि बारा वर्षं तिला ते सांभाळायला लावायचं!

"हरणाबाई, तुमचं नाव मी कुठे येऊ देणार नाही. पाइपलाइनसाठी मी भांडेन. पण ज्या बाईने हे केलं तिला मी सोडणार नाही. नाव काय होतं तिचं?"

"मला कुठं वाचाया येतं? कात्रण हाय घरात. द्यू का?"

"द्या."

हरणाबाई आत गेल्या. देवाच्या तसबिरीमागून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद आणला आणि दोन्ही हातांनी ऋचासमोर धरला.

"मोठ्यानं वाचा, ताई. लय वर्सं कुनी वाचून दावलं न्हाई."

ऋचाने घडी उलगडली. टँकरचा पाइप, त्याला भिडलेले हंडे, मधोमध तरुण हरणाबाई. फोटोखाली बारीक काळ्या अक्षरांत बातमीदाराचं नाव होतं : ऋचा सोवनी.