आज बी भारद्वाज न्हाई

जेवायची सुट्टी झाली की शालू शिलाईच्या दुकानातून डबा घेऊन बागेकडं पळायची. समोरचा झेरॉक्सवाला मुंजाजी तिथं आधीच दुर्बीण डोळ्याला लावून लिंबाच्या शेंड्याकडं बघत बसलेला असायचा. भारद्वाज दिसला की मनातलं होतं म्हणतात, म्हणून दोघं आठवडाभर त्यालाच धुंडत होते.

"एकदा दिसला की ह्यो नाद बंद," मुंजाजी म्हणला. "मग आपलं दुकानातच जेवायचं."

शालूचं टाळकं सणकलं. "जेवा की! कोणी बांधून ठेवलंय तुमाला?"

तेवढ्यात बाकड्यामागच्या मेंदीतून तांबड्या पंखांचा, गुंजेसारख्या लाल डोळ्यांचा भारद्वाज डुलत डुलत निघाला, अन् थेट मुंजाजीच्या चपलेजवळ आला. शालूनं हळूच भाकरीचा तुकडा फेकून त्याला पिटाळलं.

"काय व्हतं?" मुंजाजीनं विचारलं.

"खार व्हती. आज बी भारद्वाज न्हाई."

"मग उद्या यावंच लागंल," तो दुर्बीण न हलवता म्हणला.

शालूनं पहिल्यांदाच त्याच्याकडं समोरून नीट बघितलं, अन् तिला हसू आवरंना.

"या की. पण येताना दुर्बिणीची झाकणं तेवढी काढून या… न्हाईतर ऱ्हाऊ द्या. लावलेलीच बरी."