मेबलचे कान

बॅसेट हाउंड जातीच्या कुत्र्यांचे कान इतके लांब असतात, की पाणी पितानाही ते भांड्यात बुडतात. आठ दिवसांपूर्वी आमच्याकडे आलेल्या मेबलचे कान ग्लेन रोज संध्याकाळी कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसतो, हळुवार कोरडे करतो आणि वर विचारतो, "दुखलं का गं माझ्या राणीला?" गेल्या हिवाळ्यात, तळं गोठलं होतं तेव्हा, माझा कान दोन दिवस ठणकत होता. हॉकीच्या सामन्यावरची नजर न काढता हाच म्हणाला होता, "कपाटात थेंब असतील, बघ."

अकरा वर्षं एकत्र राहतोय आम्ही. मी लग्नाचा विषय काढला, की त्याचं ठरलेलं उत्तर, "कागदावर नाव लावून काय वेगळं होणार आहे गं, व्हर्ना?"

आज मेबलला पहिल्यांदाच जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. ग्लेननं तिचा फॉर्म भरून दिला. थोड्या वेळानं नर्स दारात आली आणि तिनं पुकारलं, "मेबल हॅलोरन."

"तू हिला तुझं आडनाव लावलंस?" माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण समोरच्या बाईच्या मांडीवरचं मांजरसुद्धा माझ्याकडे बघायला लागलं.

ग्लेननं मेबलला कडेवर घेतलं.


"मग? उद्या कुठे निघून गेली, तर कुणाची आहे ते कळायला नको?"